अंगणातला हिरवा थेंब

मृग लागायला आठवडाभर उरला होता आणि मालवणच्या मेढ्यातील त्या जुन्या घराची शाकारणी चालू होती. उतरवलेली कौले रचून ठेवायला जागा हवी होती, म्हणून अण्णांनी पडवीलगतच्या छपराखाली उभी असलेली पद्मिनी गड्यांच्या मदतीने ढकलत अंगणात आणली. गाडी हलली तशी तिच्याखाली संसार थाटून बसलेली एक भटकी कुत्री चार पिल्लांसह उघड्यावर आली. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. त्यांतले एक धडपडत निघाले आणि चिऱ्यांच्या फरशीवर तळहाताएवढा हिरवट डाग होता, त्याच्याशी नाक नेऊन हुंगू लागले. माईंनी ते पाहिले, सहज उचलून आईपाशी ठेवले आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता म्हणाल्या, "अहो, तुमची गाडी अजून गळतेच आहे."

गळती नवी नव्हती. गेले सहा महिने अण्णा दर आठ दिवसांनी रेडिएटरमध्ये पाणी घालत होते. त्यांना ठाऊक नव्हते ते एवढेच की ते पाणी जाते कुठे.

ही गाडी त्या घरात १९९७ साली, कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्या हाताने आली. फियाटच्या परवान्याने कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या त्या मोटारी एका पिढीने 'फियाट' याच नावाने ओळखल्या; पद्मिनी हे नाव मागून आले, पण माणसांच्या तोंडी जुनेच राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली अखेरची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली. ती बातमी वाचल्यावर अण्णांच्या पुण्यातील मुलाने फोन करून सांगितले होते की, आता मुंबईनेही हात जोडले, तेव्हा आपणही जोडावेत. अण्णांनी उत्तर दिले नव्हते. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला, माईंना शस्त्रक्रियेसाठी न्यायला आणि अडतीस वर्षे चालवलेल्या औषधांच्या दुकानासाठी निकडीची खोकी आणायला हीच गाडी फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेली होती. अशा वस्तूला भंगार म्हणायला जीभ रेटत नाही. मुलाचे म्हणणे चूक नव्हते, हेही अण्णा जाणून होते.

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची उष्णता सगळीच चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळमानाने तिचा तिसरा हिस्सा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याने उचलून न्यावा लागतो. पट्ट्यावर फिरणारा पंप ते पाणी इंजिनाच्या पोटातील पोकळ्यांतून फिरवतो. पाणी पुरेसे तापले की थर्मोस्टॅटची झडप उघडते. मग ते रबरी नळीतून समोरच्या रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने परत इंजिनात जाते. हा फेरा बंद टोपणाखाली, दाबाने चालतो, आणि त्या दाबाला अर्थ आहे. मोकळ्या भांड्यातले पाणी शंभर अंशांना उकळते; त्यावर आणखी एका वातावरणाएवढा दाब दिला तर सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत ते उकळत नाही. घाटाचा माथा सातशे मीटरच्या आसपास उंच असला तर उघडे पाणी दोनेक अंश आधीच उकळू लागते. म्हणून मालवण ते कट्टा निमूटपणे चालणारी गळकी गाडी फोंडाघाटाच्या चढावर वाफा टाकू लागते. दोष त्या दिवशी जन्मलेला नसतो, फक्त उघडकीला येतो.

पण मुळात गळती लागते का? याचे अर्धे उत्तर त्या घरच्या विहिरीत होते. समोर समुद्रात उभ्या असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूकडे खारे पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक विहिरीचे भाग्य तेवढे थोर नसते. अण्णांच्या परसातल्या विहिरीचे पाणी वैशाखात मचूळ होई. प्यायचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याखेरीज कळशीत न भरणारे ते घर. पण रेडिएटरमध्ये मात्र त्याच विहिरीची बादली तशीच ओतली जाई. पद्मिनीच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी, म्हणजे गंजाला आवतणच. गंजाचे कण पाण्याबरोबर फिरतात, क्षार बारीक नळ्यांत बसतात, आणि पंपाच्या दांड्याभोवतीची सील त्या कणांनी घासत जाते. मालवणात पाणी कधी गोठायचे नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न शहाणी माणसेही विचारतात. गोठण्याशी कोकणाचा संबंध नाही खरा. पण गंज रोखण्यासाठी त्यात घातलेली द्रव्ये आणि चढलेला उत्कलनबिंदू या दोहोंची गरज किनाऱ्यावरही असते.

हे शहाणपण अण्णांना उशिरा सुचले. वर्षभरापूर्वी त्यांनी विहिरीचे पाणी बंद केले आणि हिरवे कूलंट आणून घालू लागले. गळती थांबली नव्हतीच. फक्त तिला रंग आला.

एका गॅरेजात रेडिएटर ओला दिसला म्हणून रेडिएटर काढला. तांब्या-पितळेचा असल्याने त्याला डाख देता आला, आणि एक बारीक भोक सापडलेही. महिनाभर सारे समाधानी होते. मग पातळी पुन्हा उतरली. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही रबरी नळ्या आणि त्यांच्या क्लिपा बदलल्या. तिसऱ्या ठिकाणी गाडीकडे दुरूनच पाहून सांगण्यात आले की हेड गॅस्केट गेले, इंजिन उघडावे लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीला तेवढा खर्च करण्यापेक्षा भंगारवाला बरा. तिन्ही ठिकाणच्या माणसांची नियत वाईट होती असे म्हणता येत नाही. शोधायला वेळ लागतो आणि शोधण्याचे पैसे कोणी देत नाही. सुटा भाग बदलल्याचे देतात.

त्या दुपारी मात्र पिल्लाचे हुंगणे अण्णांच्या मनातून जाईना. त्यांनी डिकीतला कूलंटचा डबा काढला, चष्मा लावला आणि पाठीमागची बारीक अक्षरे वाचली. मोनो इथिलिन ग्लायकॉल. औषधविक्रेत्याला ग्लायकॉल हा शब्द अनोळखी नसतो. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेले होते. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. दुकानात बसून अण्णांनी त्या बातम्या ओळीओळीने वाचल्या होत्या. डब्यातले द्रव्य त्याच कुळातले, त्याचे भावंडच.

इथिलिन ग्लायकॉलचा कपटीपणा असा की ते चवीला गोड असते. जनावर ते कडू समजून सोडून देत नाही, उलट चाटते. पोटात गेल्यावर यकृत त्याचे आम्लात रूपांतर करते. अखेर तयार होणारे ऑक्झॅलिक आम्ल शरीरातल्या कॅल्शियमशी मिळून स्फटिक होते आणि ते स्फटिक मूत्रपिंडात साचतात. पहिल्या काही तासांत प्राणी झिंगल्यासारखा वागतो, मग बरा वाटतो, आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद होऊन मरतो. मांजराला चहाचा एक चमचा निव्वळ द्रव्य पुरे होते.

अण्णा डबा हातात धरून बराच वेळ ओट्यावर बसले. फाल्गुनात शेजारच्यांचे करड्या रंगाचे मांजर गेले होते. एक दिवस ते तिरपे चालत होते आणि मुले हसली होती. मग ते दोन दिवस पाण्याच्या भांड्यापाशी बसून राहिले, आणि तिसऱ्या दिवशी माडाच्या आळ्यात सापडले. त्याची निजायची जागा हीच होती, गाडीखाली, जिथे इंजिनाची ऊब असे. ते कशाने गेले हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. अण्णांनी माईंनाही काही सांगितले नाही. उठून त्यांनी डागावर वाळू पसरली, ती टिपून एका डब्यात भरली, झाकण घट्ट लावले आणि मग चार बादल्या ओतून फरशी धुऊन काढली. कुत्रीला पडवीत पोते अंथरून दिले, पण ती तासाभरात पिल्ले तोंडात धरून एकेक करत पुन्हा गाडीखाली घेऊन गेली. तिने जागा निवडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभारमाठहून मेस्त्री आले. एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेले, सत्तरीचे गृहस्थ. उजव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचा चट्टा. तरुणपणी घाटात बस तापली असताना घाईने रेडिएटरचे टोपण उघडले होते. दाब सुटताच आतल्या तापलेल्या पाण्याचा क्षणात भडका होऊन वाफ बाहेर येते. फडके धरलेले असले तरी हात वाचत नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांना त्यांनी पहिला धडा तोच दिला होता, चट्टा दाखवून.

आल्याबरोबर त्यांनी बॉनेट उघडले नाही. आधी गाडी किती उतारावर उभी असते ते विचारले, मग छपराखालची जुनी जागा पाहून आले. अण्णांनी गॅस्केटचे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अण्णानू, घर गळता तेवां पाणी पडता थंयचा कौल फुटलेला असता काय? पाणी वाश्यावरसून धावता आणि भलतीकडेच पडता. गाडीचाय तसाच असा."

अण्णा वर पाहू लागले. गडी नेमके तेच करत होते. गेल्या पावसात देवघरात ठिबकत होते आणि फुटके कौल निघाले ते माजघराच्या वर, चार हातांवर.

गॅस्केटची शंका त्यांनी पाव तासात निकालात काढली. तेलाची पट्टी काढून पाहिली. पाणी मिसळले असते तर तेल ताकासारखे पांढरट झाले असते, ते स्वच्छ काळे होते. थंड इंजिनाचे टोपण काढून गाडी चालू केली. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले नाहीत. धुराड्यातून गोडसर वासाची पांढरी वाफही नव्हती. मग त्यांनी इंजिनाची पुढची बाजू धुतली, फडक्याने कोरडी केली आणि माईंकडे अंगाला लावायची पावडर मागितली. माई गोंधळल्या, पण डबा आणून दिला. नळ्यांचे जोड, पंपाची कड, थर्मोस्टॅटचे घर, रेडिएटरच्या खालचा नळ, सगळ्यांवर त्यांनी पावडरीचा पातळ थर भुरभुरला. ओलावा किती सूक्ष्म असो, पावडरीत त्याची रेघ उमटते. रेडिएटरच्या तोंडावर त्यांनी दाब मोजणारा हातपंप बसवला आणि टोपणावर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच दाब चढवला. त्यापलीकडे गेले तर चांगला जोडही फुटतो आणि मग कोणता रोग मूळचा हे कळत नाही.

काटा स्थिर राहिला नाही. पाच मिनिटांत तो सुईच्या जाडीएवढा खाली आला. म्हणजे गळती होती, पण कुठेच पाणी दिसेना. पावडर सगळीकडे कोरडी.

इथे दुसरा कोणी असता तर दाब वाढवला असता. मेस्त्री खुर्ची घेऊन बसले आणि चहा मागितला. पिता पिता त्यांची नजर उघड्या बॉनेटच्या आतल्या बाजूकडे गेली. त्या काळवंडलेल्या पत्र्यावर बारीक हिरवट ठिपक्यांची एक ओळ होती, आडवी, कुणी पिचकारीने रेघ मारावी तशी. ती बरोबर पंख्याच्या वर येत होती. पद्मिनीचा पंखा पाण्याच्या पंपाच्याच दांड्यावर बसलेला असतो. पंपाच्या पुढून जे पाणी सुटेल ते फिरत्या पंख्याच्या पात्यांवर येणार आणि पाती ते चौफेर उडवणार, रेडिएटरवर, नळ्यांवर, पत्र्यावर. रेडिएटर ओला होता हे पहिल्या गॅरेजने खरेच पाहिले होते. ते पाणी त्याचे नव्हते.

दाढीचा आरसा आणि विजेरी घेऊन मेस्त्री पुलीच्या मागे डोकावले. मग बोटाने पंपाची खालची बाजू चाचपली आणि थबकले. त्यांनी नखाने खरवडले. एक करडा, टणक तुकडा निघाला.

"ह्यां भोक कोणी बुजवल्यान?"

पाण्याच्या पंपात एका टोकाला पाणी ढकलणारे चाक असते, दुसऱ्या टोकाला पंखा आणि त्याचे बेअरिंग. मध्ये सील. सील झिजली की थोडे पाणी तिच्यातून पाझरते, आणि ते बेअरिंगपर्यंत पोहोचू नये म्हणून सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये, पंपाच्या पोटाला, एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. तिथून थेंब पडू लागला की समजावे, सीलचे दिवस भरले. ते छिद्र गळण्यासाठीच असते. कोणीतरी, कधीतरी, तिथून पाणी गळताना पाहून त्यात लांबी भरली होती आणि गळती बंद केल्याचे समाधान गाडीच्या मालकाला दिले होते. पाण्याला खाली जायची वाट उरली नाही, म्हणून ते पुढे बेअरिंगमध्ये शिरले, ग्रीस धुऊन नेले, आणि पंख्याच्या तोंडाशी बाहेर पडू लागले. पंखा हाताने हलवून पाहिला तर तो बोटभर खडखडला. आणखी दोन-तीन घाट झाले असते तर दांडा मोडून पंखा रेडिएटरमध्ये घुसला असता. तुकडा काढल्यावर त्या छिद्रातून, किती महिन्यांनी कोण जाणे, एक हिरवा थेंब सरळ खाली पडला. मग दुसरा. मेस्त्रींनी आधीच खाली परात ठेवली होती.

ती लांबी कोणी भरली हा प्रश्न अण्णांनी पुन्हा काढला नाही. गाडी आली त्या साली ते स्वतःही स्वस्त आणि झटपट दुरुस्तीच शोधत असत.

पुढचे काम सांगण्याजोगे थोडे आहे. कूलंटचा थेंबन्‌थेंब झाकणाच्या डब्यात काढला गेला. डब्यावर अण्णांनी दुकानातल्या सवयीने लाल शाईत 'विष' असे लिहिले आणि तो औषधांच्या जुन्या कपाटात कुलपात ठेवला. तो ना गटारात गेला, ना माडाच्या आळ्यात. नवा पंप मालवण-कणकवलीत मिळाला नाही. जुना पंप एस.टी.च्या पार्सलने कोल्हापूरला गेला. तिथे जावयांनी तो शिवाजी उद्यमनगरात नेला, जिथे लेथवर अजून असे दांडे कातून मिळतात. नवी सील, नवे बेअरिंग आणि नवा दांडा घेऊन तो आठव्या दिवशी परत आला. रेडिएटरचे टोपणही बदलले, कारण जुन्याची स्प्रिंग मेली होती आणि दाब धरत नव्हती. घाटात जाणारे पाणी काही अंशी तिथूनही जात असणार. हेही एक कारण होते हे मेस्त्रींनी आपणहून सांगितले. एका रोगाचे नाव सापडले की माणूस दुसरा शोधत नाही, ते त्यांनी केले नाही.

कूलंटचा प्रश्न अण्णांनी आपल्या हातात घेतला. औषधांच्या पातळ मिश्रणांत प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. ते इथिलिनपेक्षा पुष्कळच कमी घातक, आणि त्याचे कूलंटही बनते. मालवणात ते कोणाला माहीत नव्हते. अण्णांनी मुलाला फोन केला. गाडीसाठी काही मागण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांनी मांजराचे सांगितले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग मुलाने विचारले, "किती लिटर लागेल, अण्णा?" डबे चार दिवसांत आले, सोबत शुद्ध केलेले पाणीही, जणू मालवणात पाणीच नाही.

भरणे हेही घाईचे काम नाही. इंजिनाच्या वरच्या पोकळीत हवा अडकली तर पातळी खोटी दिसते. मेस्त्रींनी गाडीचे नाक चढाकडे करून टोपण उघडे ठेवून थंड इंजिन चालू केले, वरची नळी हाताने दाबत राहिले; थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी एकदम उतरली, बुडबुडे आले, पुन्हा भरले. शेवटी टोपण लावून ते म्हणाले, "आता घाटार न्हेया."

फोंड्यापर्यंत कोणी बोलले नाही. पहिला पाऊस पडून गेला होता, दाजीपूरच्या बाजूने धुके उतरत होते. चढावर अण्णांची नजर रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त होती. काटा मधल्या खुणेच्या थोडा पुढे गेला आणि तिथेच राहिला. माथ्यावर त्यांनी गाडी बंद केली, टोपणाला हात लावला नाही. तासभर दोघे दगडावर बसून राहिले. मग गार झाल्यावर पाहिले. पातळी तळहाताची रेघ ढळावी तेवढीही ढळली नव्हती.

त्या रात्री गाडी पुन्हा छपराखाली गेली. घर शाकारून झाले होते. अण्णांनी इंजिनाखाली वर्तमानपत्राचे चार कागद पसरून चारी कोपऱ्यांवर फुटक्या कौलांचे तुकडे ठेवले. पहाटे पावसाच्या आवाजाने जाग आली तेव्हा ते विजेरी घेऊन गेले. एका कागदावर रुपयाएवढा तपकिरी डाग होता. त्यांनी बोट लावून वास घेतला. ते तेल होते. फियाट आहे, तेवढे ती टाकणारच. बाकी कागद कोरडे होते, आणि एका कागदाचा कोपरा पिल्लांनी रात्रीत चावून फाडून टाकला होता.